निबंधाच्या वहीतील लाल शाई आणि तसेच राहिलेले वाक्य

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

परीक्षांचे निकाल लागले की विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयीची एक तक्रार दरवर्षी नव्याने कानावर येते. मुलांना शुद्ध लिहिता येत नाही, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ चुकते, व्याकरणाकडे त्यांचे लक्षच नसते, असे तिचे साधारण स्वरूप असते. माध्यमिक वर्गांना मराठी शिकवण्यात आणि निबंधाच्या वह्या तपासण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आहेत. त्यामुळे ही तक्रार निराधार आहे असे मी म्हणू शकत नाही. मात्र ती जिथे बोट ठेवते तिथे खरे दुखणे नाही, आणि त्यावर आम्ही शिक्षक जो उपाय करीत आलो आहोत, म्हणजे लाल शाईने वही भरून टाकण्याचा, त्याने ते दुखणे बरे होत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः शिक्षक आणि पालक यांच्यासमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एखाद्या मुलाने 'आणि' हा शब्द 'आणी' असा लिहिला, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायलाच हवी. परंतु ती वाचताना कोणी अडखळत नाही. 'बसमधून उतरून पाऊस सुरू झाला' या वाक्यातला प्रत्येक शब्द मात्र लेखननियमांप्रमाणे बिनचूक आहे, आणि तरीही वाक्य मोडलेले आहे. '-ऊन' हा प्रत्यय ज्या दोन क्रिया जोडतो, त्यांचा कर्ता बहुधा एकच असतो, जसे 'तो हातपाय धुऊन अभ्यासाला बसला'. किंवा पहिली क्रिया दुसरीचे कारण असते, जसे 'दरड कोसळून रस्ता बंद झाला'. बसमधून पाऊस उतरला नाही आणि आपण उतरल्यामुळे तो पडलाही नाही. 'आम्ही बसमधून उतरलो आणि पाऊस सुरू झाला' असे लिहिले की सगळे जागेवर येते. अशी वाक्ये तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतात, कारण ती नजर वेलांट्या आणि उकार शोधण्यात गुंतलेली असते. मीही कित्येक वर्षे तशाच नजरेने वह्या तपासल्या, हे मला कबूल केले पाहिजे.

प्रयोगांचे उदाहरण याहून बोलके आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग ओळखण्याचा प्रश्न आम्ही व्याकरणाच्या तासाला इतका घोटून घेतो की सामान्य विद्यार्थीही त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवतो. तोच विद्यार्थी त्याच उत्तरपत्रिकेत चार पाने पुढे लिहितो : 'आजोबांनी ही गोष्ट मला लहानपणाचे प्रसंग आठवत, मध्येच थांबत आणि डोळे पुसत सांगितले.' येथे क्रियापद 'गोष्ट' या कर्माप्रमाणे 'सांगितली' असे हवे होते. 'आजोबांनी गोष्ट सांगितली' एवढेच लिहायचे असते, तर तो कधीच चुकला नसता. कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये नऊ शब्द आले, त्यांतल्या 'प्रसंग' आणि 'डोळे' या शब्दांनी कान भुलवला आणि शेवट गाठेपर्यंत वाक्याची सुरुवात हातून सुटली. त्याचप्रमाणे 'शिक्षकांनी मुले बोलावली' हे बरोबर आणि 'शिक्षकांनी मुलांना बोलावले' हेही बरोबर. पण 'मुलांना बोलावली' हे चूक, कारण कर्माला प्रत्यय लागला की क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, तरी बोलताना तो सहसा चुकत नाही. लिहिताना चुकतो, तेव्हा लिहून झालेले वाक्य त्याने पुन्हा ऐकलेले नसते, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

मराठीच्या घडणीमुळेच निर्माण होणारी आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांतून फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिते. 'जुने शिक्षकांचे घर' म्हटले की घर जुने आहे हे कळते आणि 'जुन्या शिक्षकांचे घर' म्हटले की शिक्षक जुने आहेत हे कळते. विशेषण कोणाचे आहे ते त्याचे रूपच सांगते. पण 'घर' या शब्दाला 'त' हा प्रत्यय लावला की दोन्ही वाक्प्रयोगांचे रूप 'जुन्या शिक्षकांच्या घरात' असे एकच होते आणि फरक पुसला जातो. सामान्यरूपाने, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी होणाऱ्या रूपबदलाने, सगळ्या विशेषणांना सारखेच करून टाकलेले असते. अशा वेळी अर्थ वाचवण्याचे काम शब्दांच्या क्रमाला करावे लागते : 'शिक्षकांच्या जुन्या घरात'. विशेषण ज्याचे आहे त्याच्या अगदी शेजारी बसवावे, हा नियम ऐकायला साधा आहे. परंतु 'लाल रंगाच्या मुलीच्या दप्तरात' असे लिहिणाऱ्या मुलाला तो फळ्यावर लिहून दिल्याने कळत नाही. 'लाल रंगाची कोण, मुलगी का?' असे विचारल्यावर तो स्वतःच हसतो आणि स्वतःच वाक्य फिरवतो. त्याने स्वतः फिरवलेले ते वाक्य त्याच्या कायमचे लक्षात राहते.

सर्वनामांचेही तसेच आहे. 'मित्राने भावाला त्याची वही दिली' या वाक्यात वही मित्राची, भावाची की तिसऱ्याच कोणाची, हे वाचकाला ठरवता येत नाही. वही देणाऱ्याचीच असेल तर मराठीने 'आपली' हा नेमका शब्द आपल्याला दिलेला आहे, आणि 'मित्राने भावाला आपली वही दिली' असे लिहिले की बहुतेक शंका मिटते. आपल्याच भाषेतली ही सोय हल्लीच्या लेखनातून हळूहळू नाहीशी होत चालली आहे, याचे मला फार वाईट वाटते. 'च' या एका अक्षराची ताकदही अशीच दुर्लक्षित राहते. 'मीच निबंध लिहिला', 'मी निबंधच लिहिला' आणि 'मी निबंध लिहिलाच' ही तीन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात लिहिणाऱ्यावर, दुसऱ्यात निबंधावर आणि तिसऱ्यात लिहिण्याच्या निश्चयावर भर आहे. दहा मिनिटांत शिकवून होणारी ही गोष्ट मुलांना फार आवडते, आणि भाषा आपल्या हातात आहे असे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटते.

स्पष्टतेचा दुसरा शत्रू म्हणजे उसनी भाषा. वर्गाने मिळून मैदान साफ केल्यानंतर त्या दिवसावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा एका मुलाने लिहिले : 'मैदानाची स्वच्छता करण्यात आली.' मी त्याला विचारले, 'कोणी केली?' तो म्हणाला, 'बाई, आम्हीच.' मग 'आम्ही मैदान साफ केले' असे का लिहिले नाहीस, यावर त्याचे उत्तर होते की ते निबंधासारखे वाटत नाही. कार्यालयाच्या सूचनेत 'करण्यात येत आहे' ही रचना चालते, कारण तिथे बोलणारी व्यक्ती नसते, कार्यालय असते. विद्यार्थ्याच्या निबंधात मात्र ती करणाऱ्याला पडद्याआड ढकलते, आणि करणारा दिसेनासा झाला की वाक्यातला जीव जातो. 'परिसरातील झाडे तोडण्यात आली' हे वाक्य तर ज्याला जबाबदार धरायचे त्यालाच मोकळे सोडते. झाडे कोणी तोडली हे ठाऊक नसेल, तर तसे सरळ लिहावे.

ही उसनी भाषा मुलांनी स्वतः शोधून आणलेली नाही. 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी सुरुवात, मध्ये 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात', शेवटी एखादा सुविचार, हा साचा मार्गदर्शक पुस्तकांनी आणि आम्ही शिक्षकांनी त्यांच्या हाती दिला. मी स्वतः पुष्कळ वर्षे तयार प्रस्तावना लिहून देत होते. पावसाळी रात्रीवरच्या निबंधात एका मुलीने तसली प्रस्तावना न घेता पहिलेच वाक्य असे लिहिले होते : 'वीज गेली तेव्हा आईचा आवाज कुठून येतो आहे तेच मला कळेना.' त्या वाक्यात अंधार आहे, भीती आहे, घर आहे, आणि एकही शब्द फुकट गेलेला नाही. मी समासात 'प्रस्तावना नाही' असे लिहून एक गुण कापला. ती मुलगी पुढच्या निबंधात 'आजच्या धावपळीच्या युगात' घेऊन आली. त्या वहीची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यावे असा कोणी काढू नये. 'घरासमोर' आणि 'घरांसमोर' यांत एका अनुस्वाराने एका घराची अनेक घरे होतात. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. अर्थ बदलतो तिथे अक्षराला वाक्याइतकेच महत्त्व आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ लेखननियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. अठरा नियम ही काही आवाक्याबाहेरची संख्या नाही. शिकवण्याची पद्धत मात्र बदलायला हवी. 'गरीब' पण 'गरिबाला', 'वकील' पण 'वकिलाला', 'फूल' पण 'फुलाला' असे शब्द एकत्र ठेवले, आणि त्यांच्याशेजारी 'शरीर' व 'शरीराला', 'गीत' व 'गीताला' हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मांडले, की फरक कशाचा आहे हे मुले स्वतः सांगतात. एकेक शब्द दहा वेळा लिहून काढण्याची शिक्षा देऊन मनगट दुखते, नियम कळत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ज्या मुलाच्या घरी 'पाणी' या शब्दाचा उच्चार 'पानी' असा होतो, त्याच्या वहीत 'पानी' आले तर ते अज्ञान नाही. त्याच्या घरच्या बोलीने शाळेत केलेला तो प्रवेश आहे. त्याला वर्गासमोर हसणे हे क्रूरपणाचे आहे आणि निरुपयोगीही आहे, कारण असे मूल पुढे चुकण्याच्या भीतीने कमीत कमी लिहू लागते. निवेदनासाठी प्रमाणभाषा वापरायची आणि माणसांच्या तोंडचे बोलणे जसे असेल तसे लिहायचे, हा भेद त्याला दाखवून दिला, तर त्याच बोलीचा तो संवादांत सुंदर उपयोग करतो. प्रमाणभाषेतही 'केले' आणि 'केलं' यांची सरमिसळ एकाच परिच्छेदात होऊ देऊ नये. निवेदनाला एक रूप निवडावे आणि ते शेवटपर्यंत सांभाळावे.

विरामचिन्हांविषयी थोडक्यात लिहिते. मोडी लिपीतल्या जुन्या कागदपत्रांत शब्दसुद्धा तोडून लिहिलेले नसत. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे इंग्रजीवरून मराठीत आली आणि मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. म्हणजे ती आपल्या लेखनात तुलनेने नवी आहेत, आणि मुले 'आणि', 'मग', 'तर' यांनी वाक्ये जोडत पानभर एकच वाक्य लिहीत जातात तेव्हा ती बोलण्याचीच रीत कागदावर आणत असतात. जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे थांबून पाहा, एवढे सांगितले तरी निम्मे पूर्णविराम आपोआप सापडतात.

आता उपायाविषयी. माझे म्हणणे एवढेच आहे की निबंध एकदा तपासून गुण देऊन परत करण्याची वस्तू राहू नये. तो विद्यार्थ्याने दुसऱ्यांदा लिहावा, आणि गुण त्या दुसऱ्या लेखनाला मिळावेत. गेली काही वर्षे मी वहीतली वाक्ये स्वतः दुरुस्त करणे जवळजवळ बंद केले आहे. अडलेल्या वाक्याखाली रेघ ओढते आणि समासात 'कोण?', 'कोणाची?', 'म्हणजे काय?', 'जरी लिहिलेस, तरी कुठे आहे?' असा एकच प्रश्न लिहिते. उत्तर शोधणे आणि वाक्य पुन्हा बांधणे हे लिहिणाऱ्याचे काम असते. त्याआधी शेजारच्या मुलाने तो निबंध मोठ्याने वाचायचा आणि लिहिणाऱ्याने गप्प बसून ऐकायचे, असा वर्गात नियम केला आहे. लिहिणारा स्वतः वाचतो तेव्हा मनातले न लिहिलेले शब्दही वाचून टाकतो. दुसरा वाचतो तेव्हा जे कागदावर नाही ते ऐकूच येत नाही. 'सांगितले' आणि 'सांगितली' यांतली चूक कानाला तिथेच टोचते.

वाक्ये जोडण्याचा सरावही मला अतिशय उपयोगी वाटतो. 'पाऊस थांबला. मुले बाहेर आली. मैदानावर चिखल होता.' ही तीन वाक्ये फळ्यावर लिहून त्यांचे एक वाक्य करायला सांगितले, की कोणी लिहितो 'पाऊस थांबल्यावर मुले बाहेर आली, पण मैदानावर चिखल होता', तर कोणी लिहितो 'मैदानावर चिखल असूनही पाऊस थांबताच मुले बाहेर आली'. पहिले वाक्य चिखलापाशी येऊन थांबते आणि मुलांचा हिरमोड सांगते. दुसऱ्यात मुलांचा उत्साह चिखलाला जुमानत नाही. दोन्ही शुद्ध आहेत, मग निबंधात कोणते हवे, यावर वर्गात होणारी चर्चा मला व्याकरणाच्या कोणत्याही तासापेक्षा मोलाची वाटते. इंग्रजीत लिहिणाऱ्या चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाने लेखन सुधारत असल्याचे त्यात आढळले नाही. वाक्ये जोडण्याच्या सरावाने ते सुधारल्याचे मात्र आढळले. मराठी ही प्रत्ययांनी बांधलेली भाषा आहे, त्यामुळे इंग्रजीचा निष्कर्ष मी जसाच्या तसा उचलणार नाही. व्याकरण शिकवलेच पाहिजे. फक्त ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आजच लिहिलेल्या वाक्यावर शिकवले पाहिजे.

वर्गात साठ मुले असताना प्रत्येक निबंध दोनदा पाहायला वेळ कुठून आणायचा, हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. त्यावर माझे उत्तर असे की वर्षाला आठ विषय एकेकदा लिहून घेण्याऐवजी चार विषय दोनदा लिहून घ्यावेत. सगळा निबंध न तपासता एकच परिच्छेद बारकाईने पाहावा, आणि या वेळी फक्त सर्वनामे, पुढच्या वेळी फक्त क्रियापदे, असे आधी सांगून पाहावे. पानभर लाल खुणा पाहून मूल वही मिटते. दोन खुणा पाहून ते वाक्य वाचते. अर्थात यासाठी अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी निबंधांची संख्या मोजणे थांबवले पाहिजे, आणि ते एकट्या शिक्षकाच्या हाती नाही.

मोबाइलवर आवाजाने टाइप करणारी किंवा लिहिलेले आपोआप सुधारून देणारी साधने आता मुलांच्या हाती आली आहेत. त्यांना विरोध करण्यात मला अर्थ दिसत नाही. पण वही मित्राची की भावाची, हे फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते; साधनाने गुळगुळीत करून दिलेल्या वाक्यात ती चुकीच्या हाती गेली, तर ते ओळखण्याची नजर मुलाकडेच असावी लागते.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या संपादन विभागात रोज रात्री नेमके हेच काम चालते : आलेला मजकूर कोणीतरी वाचतो, अडखळतो, शब्द हलवतो, वाक्य तोडतो आणि पुन्हा जुळवतो. वाचकाच्या हाती फक्त अंतिम रूप येते, आणि चांगले लिहिणारे पहिल्याच फटक्यात असे लिहीत असावेत असा मुलांचा समज होतो. आठवड्यातून एकदा असा एखादा परिच्छेद, लेखकाची परवानगी घेऊन, मूळ रूपात आणि हाताने केलेल्या दुरुस्तीच्या खुणांसह आपण छापावा. माझ्या या पत्रातलाच एखादा परिच्छेद त्यासाठी निवडला, तरी माझी आनंदाने संमती आहे. तो मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याशेजारी लावीन.

कळावे,

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका